माजी सैनिकांच्या आत्महत्या: ‘रोज 22’ या आकड्यात तथ्य किती?

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला असणारे गृहस्थ 17 वर्षे पायदळात होते. त्यांच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अमेरिकेत दररोज 22 माजी सैनिक आत्महत्या करतात’ असा संदेश फिरत असून तो खरा आहे का, असे त्यांनी मला विचारले. सामान्य प्रौढांच्या तुलनेत हे प्रमाण खरोखर जास्त आहे का, आणि आपल्याकडची स्थिती काय आहे?

खारघर_सांख्यिकी:
22 हा आकडा 2012च्या अहवालातला असून तो 21 राज्यांच्या मृत्युनोंदींवरून काढलेला अंदाज होता. पुढे मोजणी सुधारली. 2021 साली तेथे 6,392 माजी सैनिकांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, म्हणजे दिवसाला साधारण साडेसतरा. दर लाखामागे हे प्रमाण 33.9 होते, तर इतर प्रौढांमध्ये 16.7. हे थेट दुप्पट दिसते; परंतु माजी सैनिकांमध्ये पुरुषांचे प्रमाण फार मोठे असते आणि पुरुषांमध्ये आत्महत्येचा दर मुळातच जास्त असतो, त्यामुळे वय आणि लिंग यांचा फरक काढून टाकल्यावर ही तफावत सुमारे 72 टक्क्यांवर येते. तीही कमी नाही.

मात्र सैन्यात गेले की धोका वाढतोच, असे सरसकट म्हणता येत नाही. ब्रिटनमधील 1996 ते 2018 या काळाच्या अभ्यासात माजी सैनिकांचा एकूण धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त आढळला नाही. पंचविशीच्या आतल्या माजी सैनिकांमध्ये मात्र तो त्याच वयाच्या सर्वसामान्यांच्या दुप्पट ते चौपट होता.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 साली 1,70,924 आत्महत्या नोंदवल्या (दर लाखामागे 12.4), त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातल्या. हा दर सर्व वयांचा आहे, म्हणून तो अमेरिकेच्या प्रौढांच्या दराशेजारी ठेवू नये. शिवाय या तक्त्यांत ‘माजी सैनिक’ असा रकानाच नाही. तुमच्या फाटकावरचे गृहस्थ त्यात खासगी नोकरदार म्हणूनच मोजले जातील.

नेरूळचा_नाईक (निवृत्त):
रकाना नाही हे खरे, आणि मला ते आकड्यांपेक्षा जास्त खटकते. मी 38व्या वर्षी घरी आलो. पहिले सहा महिने पहाटे 4 वाजता उठून बूट पॉलिश करत असे, आणि ते घालून जायला कुठलेच ठिकाण नसे. पेन्शन वेळेवर येत होती, मुलीला शिष्यवृत्तीही मिळाली; मात्र ज्या ज्या कार्यालयात गेलो तिथे कागद पाहिले गेले, झोप लागते का हे कोणी विचारले नाही. शेवटी ते विचारले माझ्या जुन्या पलटणीतल्या मित्राने, फोनवर, शिव्या घालत. त्याच्याच आग्रहाने ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते, आपल्या गृहस्थांना तोही द्यावा.

घोडबंदरकर:
दोघांचेही आभार. काल रात्री त्यांना सगळे सांगितले. “म्हणजे रोजचे साडेचार कमी झाले का?” असे त्यांनी विचारले; तेव्हा ते कमी झाले नसून मोजण्याची रीत बदलली आहे, हे समजावताना मला बराच वेळ लागला. 14416 हा क्रमांक त्यांनी गाड्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, आणि झोपेबद्दल मी विचारले तेव्हा “रात्रपाळीच बरी पडते, साहेब” एवढेच म्हणाले. आज पुन्हा खाली जाऊन बसणार आहे.