टेबलटॉप रॅली: हेरिंगबोन चौथ्या रेघेला अडकतंय, कोणी सांगेल का?

फोंडेकर_७१
नमस्कार मंडळी. यंदाचा पाऊस सुरू झाल्यापासून मी आणि बायको टेबलटॉप कार रॅली सोडवायला लागलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात गाडी काढायचीच नसते, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरायचा, दिलेल्या खुणांवरून रस्ता शोधून पेन्सिलीने आखायचा आणि वाटेत काय काय लागलं ते लिहून पाठवायचं. इंग्लंडात हा खेळ बराच चालतो, माझा मावसभाऊ तिकडे असतो त्यानेच लँडरेंजर या तिकडच्या सरकारी नकाशामालिकेतला 160 नंबरचा नकाशा पाठवला, वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरांचा, आणि सोबत सरावाची कोडी.

ग्रिड रेफरन्स आता जमतात. पाचवं कोडं मात्र हेरिंगबोन आहे, एक आडवी सरळ रेघ आणि तिला माशाच्या काट्यासारख्या छोट्या रेघा, वर 7 आणि खाली 4. सुरुवातीचा आणि शेवटचा पॉइंट दिलेला आहे. पहिल्या तीन रेघा बरोबर जुळतात, चौथी वर आहे, पण नकाशावर तिथे आमचा रस्ता संपतोच, समोर दुसरा आडवा रस्ता, म्हणजे तिठा. सरळ जायला वाटच नाही! मग कोड्यातली रेघ सरळ कशी? तीन संध्याकाळी गेल्या यात, बायको म्हणते सुरुवातच चुकली असेल, मला तसं वाटत नाही कारण तीन रेघा उगीच जुळत नाहीत.

वाळपईचा_गाडीवाला
गूगल मॅपवर तो भाग उघडून बघा ना, सॅटेलाइटवर कदाचित बारीक रस्ता दिसेल समोर जाणारा.

कुळागर
गाडीवाले भाऊ, या खेळात तसं करून चालत नाही. कोडं ज्या नकाशावर रचलंय त्याच नकाशावर, आणि शक्यतो त्याच आवृत्तीवर सोडवायचं असतं. नकाशात नाही तो रस्ता खेळात नाही, भले तिथे रोज बस जात असो.

फोंडेकर, तुमची सुरुवात चुकलेली नाही, तिठाही बरोबर आहे. चुकतोय तो फक्त "सरळ" या शब्दाचा अर्थ. ती आडवी रेघ म्हणजे समोर जाणारा रस्ता नव्हे, ती म्हणजे *तुम्ही चाललात तो* रस्ता, सगळी वळणं ताणून सरळ केलेला. एखादा दोरा नागमोडी पडलाय तो दोन्ही टोकांना धरून ताणला असं समजा. आणि छोट्या रेघा म्हणजे तुम्ही *सोडलेले* रस्ते. वळायचं कुठे हे हेरिंगबोन कधीच सांगत नाही, काय सोडायचं तेवढंच सांगतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं कोडं सुटलं.

आता तुमचा तिठा घ्या. डावीकडून उजवीकडे वाचताना वरची रेघ म्हणजे डावी बाजू. तिठ्यावर तुम्ही उजवीकडे वळलात तर डावीकडचा रस्ता सुटतो, म्हणून रेघ वर. डावीकडे वळला असतात तर उजवा सुटला असता आणि रेघ खाली आली असती. तुमची वर आहे, म्हणजे उजवीकडे वळा. गंमत अशी की सरळ जाताना डावीकडे एक फाटा सुटला तरी नेमकी अशीच वरची रेघ येते, दोन्हींत कागदावर काहीच फरक नाही, फरक नकाशाच सांगणार.

चवाठ्यावर, म्हणजे चार रस्त्यांच्या चौकात, दोन रेघा एकाच ठिकाणी येतात. एक वर एक खाली असेल तर सरळ जा. दोन्ही वर असतील तर उजवीकडे वळा, कारण डावीकडचा आणि समोरचा असे दोन रस्ते डाव्या हाताला राहिले. दोन्ही खाली, तर डावीकडे. हे पाठ करू नका, टेबलावर चार काड्या ठेवून बोट फिरवून बघा, माझ्या मुलीला मी असंच शिकवलं आणि ती आता माझ्याआधी सोडवते.

नेव्हिगेटर_म्हापसा
कुळागरदादांनी फार छान समजावलंय. मी तीन वर्षं टीएसडी रॅलीत (टाइम-स्पीड-डिस्टन्स, ठरलेल्या वेळेत आणि वेगात अंतर कापायचं) नेव्हिगेटर म्हणून बसलेय, तिथे रस्ता सांगणाऱ्या वहीत, रोडबुकात, ट्युलिप नावाची चौकांची छोटी चित्रं असतात, गोळा म्हणजे आपण आलो ती बाजू आणि बाण म्हणजे जायचं ती. हे नाव हॉलंडच्या ट्युलिप रॅलीवरून आलं, ती 1949 पासून चालू आहे. ट्युलिप प्रत्येक चौकाचं वेगळं चित्र देतं, हेरिंगबोन सगळा प्रवास एका रेघेत देतं, त्यामुळे एक काटा चुकला की पुढचं सगळं घसरतं.

अजून एक, वाचायची दिशा. काही वेळा कोडं रचणारा कुठून वाचायचं ते सांगत नाही. आपल्याकडचंच उदाहरण, पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीला माशेलचा फाटा डावीकडे सुटतो, रेघ वर. तोच कागद उलट्या टोकाकडून वाचला तर तीच रेघ उजवी बाजू होते, आणि फोंड्याहून पणजीला येताना माशेल उजवीकडेच सुटतं, म्हणजे दोन्ही खरं. म्हणून रेघ कुठल्या टोकापासून वाचतोय ते आधी पेन्सिलीने बाण काढून नक्की करायचं. एका रॅलीत मी हे गृहीत धरलं होतं, पहिले दोन फाटे योगायोगाने जुळले आणि आम्ही साडेसात किलोमीटर चुकीच्या दिशेने गेलो, अजून रुखरुख लागते त्याची.

आणि नियमांचा कागद आधी वाचा, कोड्याच्याही आधी. लँडरेंजरवर ए रस्ते लाल किंवा हिरवे, बी नारिंगी, लहान पिवळे आणि मग काही बिनरंगी, ज्यांना तिकडे व्हाइट म्हणतात. शेतघराकडे वगैरे जाणारे. हे धरायचे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

वाळपईचा_गाडीवाला
ताई, दादा, मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आता उत्सुकता वाटायला लागलीय. आपल्या गोव्याच्या नकाशावर करता येईल का हे? आणि ते ग्रिड रेफरन्स काय असतं?

कुळागर
येईल की. लँडरेंजरचं प्रमाण 1:50,000, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीजचंही तेच आहे, म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. आम्ही फोंडा-डिचोलीच्या नकाशावर पेन्सिलीने 2 सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि मुलीने माझ्यासाठी सावईवेरेपासून कोडं रचलं. दिवाडी-चोडणला जाताना रस्ता नदीवर संपतो, मग फेरीबोट रस्ता धरायचा का यावर घरात तासभर वाद झाला, शेवटी नियमांत लिहून टाकलं.

ग्रिड रेफरन्स म्हणजे नकाशावरच्या जागेचा पत्ता, सहा आकड्यांचा. 316842 असेल तर 31 ही उभी रेघ शोधायची, तिथून उजवीकडे चौकोनाचे सहा दशांश, मग 84 ही आडवी रेघ आणि वर दोन दशांश. आधी भाट (माडांची बाग) चालायचं मग माड चढायचा, मी असं लक्षात ठेवतो, उलट केलं की भलत्याच गावात. एक दशांश म्हणजे नकाशावर फक्त 2 मिलिमीटर, म्हणून रोमर, म्हणजे चौकोनाचे दशांश मोजायची पट्टी, लागतो, पारदर्शक प्लास्टिकवर बारीक खुणा करून घरीच बनतो.

फोंडेकर_७१
काल रात्री बसलो. लाइट गेली होती, मेणबत्ती लावली, बायकोने खरंच दोरा घेतला आणि नकाशावर रस्त्यावरून वळणांसकट ठेवत गेली, मी काटे मोजत होतो. तिठ्यावर उजवीकडे वळलो आणि चौथी, पाचवी, सहावी सरसर जुळली. सातवी-आठवी एकाच जागी दोन्ही वर होत्या, तिथे चवाठा निघाला, तिथेही उजवीकडे.

नवव्या रेघेआधी मात्र नकाशावर उजवीकडे एक फाटा जास्तीचा येत होता, कोड्यात तो नाहीच. मग ताईंचं आठवलं म्हणून नियमांचा कागद काढला, तिसऱ्याच ओळीत लिहिलंय, बिनरंगी रस्ते धरू नयेत. भिंगातून पाहिलं तर तो फाटा पांढराच, टोकाला एक शेतघर. तो सोडला आणि अकरावी रेघ शेवटच्या पॉइंटच्या आधी अर्ध्या सेंटिमीटरवर आली.

दोघांचेही मनापासून आभार. सहाव्या कोड्यात नुसते उंचीचे आकडे दिलेत ओळीने, आज संध्याकाळी तेच घेऊन बसतोय.