उंदराच्या मेंदूतील जनुक-अभिव्यक्तीवरून स्किझोफ्रेनियाविषयी काय कळते?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, सोलापूर)
नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. रोज रात्री जेवण झाल्यावर त्याची गोळी त्याच्या तळहातावर मीच ठेवते, म्हणून सेमिनारसाठीही हाच विषय घेतला. एमके-८०१ हे औषध टोचलेल्या उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात) काही जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे ती किती प्रमाणात कामाला लागतात ते, बदलते, असे वाचनात आले. पण कानात आवाज येतात का, हे उंदराला विचारता येत नाही. मग हा बदल आजाराचा मानायचा की नुसत्या औषधाचा?

उत्तर १
एमके-८०१ हे चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचे एनएमडीए ग्राही (तो निरोप टिपणारी प्रथिने) अडवते, त्यामुळे त्यातून एका बिघडलेल्या मार्गाचे चित्र मिळते, अख्ख्या आजाराचे नव्हे. मला लिप्स्का आणि वाइनबर्गर या संशोधकांचे १९९३ मधील काम अधिक बोलके वाटते. जन्मानंतर सातव्या दिवशी उंदराच्या पिल्लाच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतील स्मृतीशी निगडित अवयवाच्या) एका भागाला इजा केली, तरी वागण्यातले ठळक बदल ते पिल्लू वयात आल्यावरच दिसू लागतात. माणसातही हा आजार बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रकट होतो. म्हणून अभिव्यक्तीचे आकडे वाचताना ऊतक किती वयाच्या प्राण्याचे आहे, हे आधी पाहावे.

उत्तर २ (सोलापूर)
अक्कलकोट रस्त्यावर आमचे माग होते, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. चादर काट्यावर ठेवली आणि वजन कमी भरले, तर लाल सूत कमी पडले की काळे, हे काटा सांगत नाही. ऊतकाचा अख्खा तुकडा वाटून आरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) काढला की नेमके हेच होते: घट कोणत्या पेशींत झाली, हे कळत नाही. रुग्णांच्या मरणोत्तर मेंदूंत गाबा हे चेतापेशींना शांत करणारे रसायन तयार करणाऱ्या जीएडी-६७ या विकराचा (एन्झाइमचा) संदेश घटलेला वारंवार आढळला. पेशी एकेक करून पाहिल्यावर मात्र पार्वअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या, गाबा बनवणाऱ्या पेशींची संख्या फारशी घटलेली नसून त्यांच्यातील कित्येक पेशींत तो संदेशच सापडेनासा झाला होता, हे लक्षात आले. पेशी मेल्या की पेशी गप्प झाल्या, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. पण ते रुग्ण वर्षानुवर्षे औषधांवर असणार. घट गोळ्यांमुळेच झाली नसेल कशावरून?

उत्तर ३
इथेच प्राणी खरे उपयोगी पडतात. निरोगी माकडांना दीर्घकाळ हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियावरचे औषध देऊन हेच संदेश मोजले, तेव्हा तशी घट दिसली नाही. त्यामुळे घटीचा दोष औषधावर टाकता येत नाही. केवळ औषध दिलेला असा गट नसेल, तर निष्कर्ष लंगडा राहतो. आणि भावाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ती
गोळी चुकणार नाही. माझ्या तक्त्यात प्राण्यांच्या वयाचा रकानाच नव्हता. तो आजच घालते आणि औषधाचा गट असलेले प्रयोग वेगळे काढते.