गार्गी की मैत्रेयी? बारशाआधी नक्की करायचंय

कोयरी:
मुलगी झाली आहे, बारसं पुढच्या आठवड्यात. घरात दोन नावांवर घोडं अडलंय: गार्गी आणि मैत्रेयी. दोघी ब्रह्मवादिनी, म्हणजे ब्रह्मविद्येची चर्चा करणाऱ्या विदुषी, दोघी बृहदारण्यक उपनिषदातल्या, त्यामुळे अर्थाचा वाद नाही. रोजच्या वापरात काय अडतं ते हवंय.
जन्मनक्षत्र धनिष्ठा, दुसरं चरण (नक्षत्राच्या चार भागांतला दुसरा). आजेसासूबाई नक्षत्राच्या अक्षराचा आग्रह धरून आहेत. आडनाव तीन अक्षरी आणि 'ग'नेच सुरू होणारं. दोनेक वर्षांत जर्मनीला जायची शक्यता आहे. रुग्णालयाचा फॉर्म अजून दिलेला नाही.

रफार:
आधी लिहिण्याचं बघू. गार्गीत रफार दुसऱ्या 'ग'वर आहे. घाईत लिहिणारे तो गाळतात किंवा 'गाग्री' करून ठेवतात. रोमन लिपीतून आपोआप देवनागरी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'गर्गी' उमटतं, कारण रोमनमध्ये 'अ' आणि 'आ' दोन्हींना 'ए'च. आधारच्या पावतीवर हे नजरेखालून घालायचंच. मैत्रेयीचं नेहमीचं चुकीचं रूप 'मैत्रयी', मधली मात्रा गायब.

रोमन स्पेलिंगचा घोळ मात्र मैत्रेयीत जास्त. शेवट एका 'आय'ने की दोन 'ई'ने, मध्ये 'ई-वाय' की 'ए-वाय', शिवाय दाक्षिणात्य पद्धतीने 'टी'नंतर 'एच'. पर्याय सहज पाचसहा होतात आणि फोनवर दरवेळी अक्षर अक्षर सांगावं लागतं. गार्गीत एकच प्रश्न, शेवटी 'आय' की दोन 'ई'. 'आय' घ्या.

उच्चार: मराठीत आपण 'मइत्रेयी' म्हणतो, हिंदी भाषक 'मॅत्रेयी' म्हणतील, तेवढं चालवून घ्यावं लागेल. जर्मनमध्ये 'ए-आय'चा उच्चार आपल्या 'ऐ'जवळचा, म्हणजे सुरुवात बरोबर येईल. पण 'ई-वाय'सुद्धा ते तसंच वाचतात, म्हणून 'माइट्रायी' ऐकायची तयारी ठेवा. गार्गीतला 'ग' जर्मनमध्ये 'ग'च राहतो, स्वरानंतरचा 'र' तेवढा विरतो: 'गाऽगी'. इंग्रजी बोलणारा माणूस 'आय'च्या आधीचा 'जी' बघून 'गार्जी' म्हणू शकतो. एकदा सांगितलं की सुधारतात.

घटीपात्र:
अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणांची नावाची अक्षरं देणाऱ्या कोष्टकात, धनिष्ठेची अक्षरं गा, गी, गू, गे. दुसऱ्या चरणाचं 'गी'. गार्गी 'गा'ने सुरू होतं, म्हणजे नक्षत्र तेच पण चरण पहिलं. रास दोन्ही चरणांची मकर, कारण धनिष्ठेची पहिली दोन चरणं मकरेत आणि पुढची दोन कुंभेत. बहुतेक गुरुजी एवढं जुळलं की पुढे ताणत नाहीत. मैत्रेयीचा 'मै' चक्रात वेगळा नाही. तो 'मे' धरतात आणि ते मघेचं चौथं चरण, रास सिंह. पत्रिका हाताशी नसली की पुढे कोणीतरी नावावरून रास काढतो, तिथे मग भलतीच रास निघते.

म्हणून मैत्रेयी बाद होते असं नाही. नामकरणात मुळात चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षराचं बंधन नाक्षत्रनामाला. पत्रिकेत 'गिरिजा' किंवा 'गीता' लिहा, कानात तेच सांगा, कागदोपत्री मैत्रेयी. आजेसासूबाईंचा मान राहतो.

जाता जाता: पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे (घरातल्या संस्कारांचा जुना ग्रंथ) मुलीचं नाव विषम अक्षरांचं, आकारान्त (शेवटी 'आ') आणि तद्धितान्त (नामाला प्रत्यय लागून झालेलं) असावं. तद्धितान्त दोन्ही आहेत. अक्षरांच्या कसोटीला मैत्रेयी उतरते, गार्गी नाही. आकारान्त एकही नाही. सूत्रावर बोट ठेवून भांडणाऱ्या नातेवाइकांसाठी ही माहिती राखून ठेवा.

टोकननंबर:
कागदांचं बघा, नाव त्यानंतर. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. रकाना कोरा ठेवता येतो आणि नोंदीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नक्की नसेल तर रुग्णालयाच्या फॉर्मवर 'सध्यापुरतं' नाव लिहू नका. एकदा नोंदलेलं नाव बदलणं आणि लेखनातली चूक दुरुस्त करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली फार जिकिरीची.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणजे स्पेलिंगचा उगम तिथे. कच्ची प्रत दाखवतात तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहितात. चौघांची मिळून लांबी मोजा. मैत्रेयी रोमनमध्ये आठ अक्षरं, गार्गी पाच. छोट्या रकान्यांच्या फॉर्ममध्ये नाव मधेच कापलं जातं आणि दोन कागदांवर दोन रूपं तयार होतात. पासपोर्टला आईवडिलांच्या नावांचे रकाने वेगळे असतात, तेव्हा बाळाच्या रकान्यात फक्त बाळाचं नाव जाईल हे पाहा. तिथे तिन्ही नावं घातलीत तर जर्मनीतलं कार्यालय ती सगळी मिळून पहिलं नाव समजेल.

कोयरी:
खूप उपयोगी. आडनावाच्या 'ग'बद्दल कोणी बोललं नाही. आणि शाळेत चिडवण्याचं काय?

रफार:
'ग'ला 'ग' लागून येतो तेव्हा भरभर म्हणताना जीभ अडखळते का, ते दारातून मोठ्याने हाक मारून बघा. तुमच्याकडे मध्ये आईवडिलांची नावं येतात, त्यामुळे पूर्ण नावात टोचणार नाही. शाळेच्या हजेरीत नुसतं नाव-आडनाव घेतलं की जाणवेल. आद्याक्षरं 'जी. जी.' होतील, ते काही वाईट नाही.

चिडवणं: गार्गीचं 'गारगोटी' होणार, हे धरूनच चाला. गारगोटी हे भुदरगड तालुक्यातलं गाव, म्हणून कोल्हापूरकडची पोरं 'भुदरगडची का?' असंही विचारतील. मैत्रेयीचं फार तर 'मैत्रीण'. घरात मात्र मैत्रेयीचं चार दिवसांत 'मैतू' होतं, गार्गी दोन अक्षरी असल्याने बरीचशी गार्गीच राहते. पूर्ण नाव कानावर पडावं असं वाटत असेल तर माझं मत गार्गीला.

घटीपात्र:
माझं मत मैत्रेयीला, पत्रिकेत गिरिजा. पण स्पेलिंग आधी ठरवा आणि मगच पेढ्यांच्या डब्यावर नाव छापायला द्या.