टँकरचं पाणी माणशी की घरटी? योग्य काय ते ठरवायचं कसं?

चौकस
समजा, घोडबंदर रोडवरची ४० घरांची सोसायटी, राहती माणसं १३०. नळ कोरडे, दिवसाला १०,००० लिटरचा एकच टँकर. घरटी वाटलं तर २५० लिटर: एकट्या राहणाऱ्या आजींनाही तेवढंच आणि सहा जणांच्या घरालाही, म्हणजे तिथे माणशी जेमतेम ४२. माणशी वाटलं तर प्रत्येकाला ७७, पण टँकरचे पैसे घरटी सारखेच. सभेत बहुमताने 'घरटी' ठरलं तर विषय संपला का? नियमात बसणारं आणि चांगलं, हे एकच का? की चांगलं म्हणजे शेवटी ज्याचं त्याचं मत?

उंबरठा
मतच असतं, पण ते तपासता येतं. बहुमतापासून सुरुवात करू. सभेत मत सभासदाला, भाडेकरूला नाही. तहान मात्र त्यालाही लागते. म्हणून ठरावाआधी, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यातले किती जण सभेबाहेर आहेत ते मोजा.

पुढे तीन तत्त्वज्ञांच्या तीन कसोट्या, आणि तिन्ही कुठे ना कुठे गळतात. बेंथमची: एकूण भलं कशात जास्त? सहा जणांच्या घरातली पुढची बादली आजींच्या शेवटच्या बादलीपेक्षा जास्त कामाची, हे तिला बरोबर कळतं. पण ३९ घरांच्या सोयीसाठी एकाचा नळ बंद करायलाही ती सहज परवानगी देते. कांटची (१७८५): हाच नियम सगळ्यांनी पाळला तर चालेल का? लाइनला गुपचूप बूस्टर पंप लावून जास्त पाणी ओढणारा इथे लगेच सापडतो, मात्र 'घरटी' आणि 'माणशी' दोन्ही पास होतात. मग रॉल्सची (१९७१): कोणतं घर वाट्याला येणार हे माहीत नसताना नियम निवडा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाला हीच सगळ्यात लागू. अडचण एवढीच की सभेत प्रत्येकाला आपला फ्लॅट नंबर पाठ असतो.

हिशेबनीस
उंबरठा, यातून आकडा काढता येतो. घर माहीत नसलेला माणूस आधी वाईटात वाईट वाटा सावरेल. जागतिक आरोग्य संघटना मूलभूत गरजांसाठी माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर धरते. पहिले ५० माणशी द्या: १३० × ५० = ६,५००. उरलेले ३,५०० घरटी, म्हणजे ८७ लिटर. आजींना १३७, सहा जणांना ३८७ (माणशी ६४ च्या वर). अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर त्याचं जादा पाणी या ३,५०० मधून आधी काढा.

आणि पैशांचा वाद वाटपात कालवू नका. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार यावर विभागलाय. ती खर्चाची रीत झाली. टंचाईत कोणाला किती, याचं उत्तर तिथे शोधू नये.

पाइपलाइन_ऐरोली
कागदावर झकास. पण गच्चीवरच्या टाकीतून येणारी लाइन एकाखाली एक सगळ्या घरांना जाते. व्हॉल्व्ह फिरवला की अख्खी लाइन चालू, एकट्या आजींचं घर नाही. शिवाय सगळ्यांना २० मिनिटं म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी नव्हे. वरच्या मजल्याला दाब कमी, खालच्यांचे ड्रम आधी भरतात. जे करणं शक्यच नाही ते कर्तव्य कसं ठरणार?

आधी प्रत्येक मजल्यावर नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. एका वेळी एकच नळ मोजून भागणार नाही, वाटपाच्या वेळी सगळे उघडे असतात, तसेच ठेवून मोजा. फरक मोठा निघाला तर खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. लाइनच्या वेळा त्या लाइनवरच्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठेवा. घरागणिक नेमकं हवं असेल तर प्रत्येक जोडणीला मीटर लागणारच.

चौकस
माणसांची संख्या कोण लिहिणार? पाहुणे धरून सगळे फुगवतील.

उंबरठा
यादी जिन्याच्या फलकावर लावा. शेजाऱ्याला दिसणारा आकडा सहसा फुगत नाही. मात्र रुग्णाचं नाव किंवा आजार तिथे नको, ते फक्त सचिवांकडे.

हिशेबनीस
आणि ठरावात मुदत घाला, पंधरा दिवस. मग भाडेकरूंसह पुन्हा बसा.