तलावाचं उदास चित्र हवंय, कॅलेंडर नको : निळ्याचं काय करू?

कोरा_कॅनव्हास :
विषय : सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उलगल्यानंतरचा सिद्धेश्वर तलाव, संध्याकाळ. १८ × २४ इंची कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक. हुरहुर दिसावी म्हणून आभाळ-पाणी सगळं थॅलो ब्लू (झगझगीत निळा) आणि पांढऱ्यात घेतलंय. दिसतंय मात्र प्रसन्न! निळा आणखी गडद करू का?

रंगपेटी :
गडद नको, मळवा. थॅलो बाजूला ठेवा. तो इतका जहाल की टिपूसभर पडला तरी बाकीचे रंग गिळतो, शिवाय बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, मिसळला की हिरवट जातो. अल्ट्रामरीन (जांभळट झाक असलेला निळा) २ भाग, बर्न्ट सिएना १ भाग घ्या. हे मिश्रण पांढऱ्यात थोडं थोडं घाला. उलट केलंत तर फिकं होईपर्यंत ढीगभर रंग वाया जातो. थंड राखाडी मिळेल, ती आभाळाला. सिएना वाढवला की तीच ऊबदार होते, ती काठाच्या दगडांना.

मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. शुभ्र आणि काळंकुट्ट शेजारी-शेजारी दिसलं तर नाट्य येतं, हुरहुर नाही. मधल्या तीन-चार छटांतच राहा.

भुईकोट :
‘निळा म्हणजे उदास’ हेच आधी तपासा की ओ. पिकासोच्या १९०१ ते १९०४ च्या निळ्या चित्रांनी ते डोक्यात पक्कं बसवलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा रंग कपोत, म्हणजे पारव्याचा राखाडी. निळा दिलाय बीभत्स रसाला!

कोरा_कॅनव्हास :
आणि बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घातलेले चार-पाच जण परत निघालेत, त्यांचा पांढरा?

भुईकोट :
सावलीत पांढरं कापड पांढरं नसतं. टायटॅनियम व्हाइट ट्यूबमधून थेट लावलात तर माणसं कातरून चिकटवल्यासारखी दिसतील. आभाळाचीच राखाडी घ्या, दोन पायऱ्या फिकी. एकाच्या खांद्यावर दिव्याच्या उजेडाचा पिवळसर फटकारा पुरे, नखाएवढा. वाढला की जत्रा पुन्हा भरली म्हणून समजा.

रंगपेटी :
अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. मिश्रण किंचित फिकं ठेवा आणि आधी कागदाच्या पट्टीवर वाळवून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात पंखा चालू असला तर, पॅलेटवर रंग बघता बघता साय धरतो. ओल्या फडक्यावर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढा. आणि पिवळ्या बल्बखाली छटा जुळवू नका. तिथं राखाडी ऊबदार भासते, म्हणून हात निळ्याकडे जातो, अन् सकाळी उजेडात परत कॅलेंडर.