शब्दचर्चा: हेरगिरी, गुप्तवार्ता आणि हूल

प्रश्नकर्ता: संरक्षणशास्त्राच्या एम.ए.चा निबंध मराठीतून लिहायलोय. 'इंटेलिजन्स'ला 'हेरगिरी' लिहिलं, सरांनी लाल रेघ मारली. 'इन्फर्मेशन वॉरफेअर'ला 'माहितीयुद्ध' लिहिलं, तर म्हणाले, वाचून काही डोळ्यांपुढं येत नाही. मग काय लिहू?

जुनी वही: रेघ बरोबरच आहे. हेरगिरी म्हणजे चोरून बघणं, ऐकणं. आणलेलं ताडून, अर्थ लावून राजापुढं ठेवलं की ती गुप्तवार्ता. पोलिसांच्या खात्याचं नावच राज्य गुप्तवार्ता विभाग आहे. कौटिल्य म्हणतो, तीन हेरांचं सांगणं जुळलं तरच विश्वास ठेवा. त्याच्याकडं एका जागी बसून काम करणारे हेर म्हणजे 'संस्था', फिरते ते 'संचार'. (आज संस्था म्हटलं की पतसंस्थाच आठवते, ते सोडा.)

तेरणाकाठ: 'हेर' आणि 'हेरणे' एकाच घरातले. आमचे आजोबा हाळीच्या बाजारात बैल हेरून ठेवायचे आणि तासभर भाव करायचे शेजारच्या बैलाचा! माहितीयुद्धातल्या, खोटं भासवून शत्रूला चकवण्याच्या भागाला मी 'हूल' म्हणेन. हातात दगड नसताना वाकलं की कुत्रं पळतं, ती हूल. अफवा कुणीही, विनाकारणही पसरवतो. कंडी मुद्दाम पिकवतात. आवई उठते ती भीतीची. हूल मात्र समोरच्यानं अमुक एक करावं म्हणूनच दिलेली असते.

जुनी वही: वा, काका! उदाहरण तर आपल्या देवगिरीचंच. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून निघाला तेव्हा, फिरिश्ता हा जुना फारसी इतिहासकार लिहितो, वाटेत सांगत आला की चुलत्याशी, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाशी, बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडं चाकरीला चाललोय. ही हूल. वेढा घातल्यावर आवई उठवली, मागून दिल्लीची मोठी फौज येतेय. पुढं देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा शंकरदेव परतला, लढाईत वरचढही ठरत होता. तेवढ्यात वेढ्यावर ठेवलेली अलाउद्दीनचीच तुकडी धुरळा उडवत आली. यादवांना वाटलं दिल्लीचं सैन्य आलं, आणि फळी फुटली.

प्रश्नकर्ता: म्हणजे आवई आधी पेरून ठेवली, धुरळ्यानं ती खरी केली. निबंधात 'माहितीयुद्ध' ठेवतो, पण पहिल्याच परिच्छेदात हूल आणि आवई उलगडून सांगतो. आणि त्याच वेढ्यात देवगिरीच्या गडावर धान्य म्हणून नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं म्हणतात, त्याला कोणता शब्द?

तेरणाकाठ: त्याला आमच्याकडं येंधळेपणा म्हणतात बाबा.