दोन फुटी प्लांटेड टँकसाठी साधी माती: काळी की कोकणातली तांबडी?

बाल्कनीतली_बाग
नमस्कार. मी पुण्यात राहते. घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक रिकामा पडलाय. त्यात झाडं लावायची आहेत, गप्पी मासे नंतर. झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा सीओटूचा सिलिंडर वगैरे नको, आणि ॲक्वासॉइलची, म्हणजे टँकसाठी मिळणाऱ्या तयार मातीची, पिशवी परवडत नाही. हाताशी तीन माती आहेत: नर्सरीतलं तयार मिश्रण, सासरची बार्शीकडची काळी आणि माहेरची, देवगडची तांबडी. यातली कोणती घालू? थर किती जाड हवा? दुकानदार म्हणतो, माती घातली की मासे मरतात. खरं आहे का हे?

तळकोकण
ताई, मासे मरतात ते मातीनं नाही, मातीत कालवलेल्या खतानं. म्हणून नर्सरीचं मिश्रण आधी बाजूला ठेवा. त्यात शेणखत असतं, बरेचदा बोनमील आणि निंबोळी पेंडही. पाण्याखाली हे सगळं कुजतं आणि अमोनिया सुटतो. निंबोळी तर माशांना थेट बाधते. कुंडीत ते सोनं आहे, टँकमध्ये नाही.

आता काळी. माझी नोकरी माती परीक्षणात गेली, त्यामुळे या मातीबद्दल मला आदर आहे. बेसाल्टची माती, अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण तिची चिकण अतिशय बारीक असते आणि भिजली की फुगते. एखादं झाड उपटलंत की पाणी गढूळ होतं आणि लवकर निवळत नाही. शिवाय सोलापूर भागातल्या काळीत बहुधा चुनखडी असते. सुकं ढेकूळ बशीत घ्या, वर व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली तर चुना आहे, म्हणजे पाण्याचा सामू (पीएच) वर जाणार. इथे खरी मेख आहे: अमोनिया तेवढाच राहिला तरी सामू 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पहिल्याच टँकला ही जोखीम नको.

तुमच्यासाठी तांबडीच. जांभ्याची माती, लोह भरपूर, स्वभावानं आम्लधर्मी, फुगत नाही. अन्नद्रव्यं कमी म्हणून लोक तिला नाकं मुरडतात, पण सुरुवातीला तीच सोय आहे, कारण कुजायला फारसं काही नसतं. आणि पाण्याखाली ती बदलते. आमच्या भाताच्या खाचरात जे होतं तेच टँकच्या तळाशी होतं. पाणी भरलं की मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी आधी नायट्रेट वापरतात, पुढे मँगनीज, त्यानंतर लोह. एरवी न विरघळणारं लोह असं विद्राव्य होतं आणि त्याला घट्ट धरून बसलेला स्फुरदही (फॉस्फरस) मोकळा होतो. दोन्ही थेट मुळांना मिळतं. वरखताची बाटली महिनोन् महिने लागत नाही.

फक्त माती कुठली आणता ते बघा. हापूसच्या कलमाखालची अजिबात नको. मोहोर लवकर यावा म्हणून कलमांच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझॉल ओततात. ते वाढ रोखणारं औषध आहे आणि मातीत बराच काळ टिकतं. तुमची झाडं खुजी राहतील आणि कारण सापडणार नाही. रस्त्याकडेचा मुरूमही नको, त्यात काहीच नसतं. खाचराच्या बांधाजवळची, वरची वीतभर माती आणा.

ती चाळा, मुळ्या-काड्या काढा, टबात बुडवून ठेवा, वर तरंगेल ते ओता, मग उन्हात खडखडीत वाळवा. हे तीन-चार वेळा करा. या ओल्या-सुक्या फेऱ्यांत कुजणारं बरंचसं कुजून जातं. थर एक इंचाचा. तुमच्या टँकला साडेचार-पाच लिटर माती पुरे. जास्त घातलीत तर खालचा भाग सडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो.

जलपर्णी
वरच्या थराबद्दल सांगते. मातीवर इंचभर वाळू हवीच, दोन-तीन मिलिमीटर दाण्याची. फिल्टरसाठी मिळते ती उत्तम. क्रश सँड घेतलीत तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, तिच्यात भुकटी फार. पाणी भरताना बशी ठेवून तिच्यावर धार सोडा, नाहीतर माती वर येते.

आणि झाडं पहिल्याच दिवशी दाटीनं लावा. चार काड्या लावून वाट बघत बसलं की शेवाळ जागा घेतं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि वर तरंगायला सेराटोफायलम. हे झपाट्यानं वाढतं आणि अमोनिया सरळ पाण्यातून ओढून घेतं. क्रिप्टोकोरायनी हव्या असतील तर विकत घ्या. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत त्यांच्या जाती आहेत, त्यातली कॉग्नाटा तर मोजक्याच ठिकाणी उरली आहे. कृपा करून ओढ्यातून उपटून आणू नका.

बाल्कनीतली_बाग
दोघांचेही मनापासून आभार. भावाला बांधावरची माती आणायला सांगितलं. दोन शंका. तळातून बुडबुडे आले तर घाबरायचं का? आणि आमच्याकडे महापालिकेचं धरणाचं पाणी येतं, ते गप्पींना चालेल ना?

तळकोकण
बुडबुड्यांना वास नसेल तर काही करू नका. कुजका वास आला तर विणकामाची सुई त्या जागी हळूच खुपसा, वायू निघून जाईल. मुळं वाढली की ती स्वतःच ऑक्सिजन खाली नेतात.

पाण्याचा प्रश्न चांगला विचारलात. धरणाचं पाणी मृदू, त्यात तांबडी आम्लधर्मी, आणि गप्पींना थोडं जड पाणी मानवतं. इथे बार्शीची माती कामाला येईल. तिच्यातले चुनखडीचे पांढरे खडे वेचा, धुवा आणि मूठभर तांबडीच्या थरात पेरा. ते सावकाश विरघळत राहतात. क्लोरीन जायला पाणी एक दिवस उघडं ठेवा.

पहिला महिना दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. गप्पी सोडायची तारीख ठरवू नका, टेस्ट किट घ्या. आठवड्याच्या अंतरानं दोनदा अमोनिया आणि त्यापासून बनणारं, माशांना तसंच बाधणारं नायट्राइट शून्य दिसले की सोडा, तेही आधी चारच. आणि आज व्हिनेगरची चाचणी केलीत तर फसफस झाली की नाही ते इथे कळवा, त्यावरून खडे किती घालायचे ते नेमकं सांगता येईल.